भिंतीला दिलेला वेळ

माझं काम भिंती हलवायचं आहे. खऱ्या नाही, संगणकातल्या. इमारतीचे जुने नकाशे घ्यायचे, तिच्यातली जाड आरसीसी भिंत संगणकात उभी करायची, तिचे शेकडो तुकडे पाडायचे, कोणत्या तुकड्यात काँक्रीट किती बळाचं आणि सळया किती ते भरायचं. मग कुठेतरी खरोखर झालेल्या एखाद्या भूकंपाची नोंद तिच्या पायाखाली सोडायची. ही नोंद म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सेकंदाच्या दर शंभराव्या भागाला जमीन किती जोरात कुठल्या बाजूला ओढली गेली, एवढंच तिच्यात असतं. भिंत डोलते, तडकते, सळया ताणल्या जातात आणि चाळीस सेकंदांनी कळतं, उभी राहिली की नाही. ते चाळीस सेकंद मोजायला संगणकाला कधी तीन तास लागतात, कधी सबंध दिवस.

ज्या सरांच्या हाताखाली मी हे शिकले त्यांची एक सवय होती. भूकंपाची नोंद संपली की तिच्या शेपटीला ते वीस सेकंदांची शून्यं जोडायचे. जमीन थांबली, आता बाहेरून काही होत नाही, पण गणित चालू ठेवायचं. सर म्हणायचे, "मार खाल्लेल्याला लगेच 'कसा आहेस' विचारू नये. जरा दम खाऊ द्यावा. मग बघावं, सरळ उभा राहतो की वाकडाच राहतो."

आता फारसं कोणी ही शून्यं जोडत नाही. वेळ जातो, आणि हाताशी लागतं काय, तर एक विरत जाणारी रेघ. मी जोडते. मला ती शेवटची शांतता पाहायला बरी वाटते. आमच्या ऑफिसात यावरून माझी थट्टा चालते. मी स्वतः रोज सकाळी उठल्यापासून तासभर बोलत नाही, माझा नेम आहे तो, आणि सगळ्यांना तो ठाऊक आहे.

"बाईंच्या भिंतीसुद्धा मौन पाळतात," दशांश म्हणतो.

दशांश म्हणजे आमचा तपासनीस. पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर. प्रत्येकाचे आकडे तपासून खाली सही करणं हे त्याचं काम. कोणी 'साधारण दहा' म्हटलं की तो म्हणणार, "साधारण म्हणजे नऊ पूर्णांक किती?" त्यावरून सगळे त्याला तोंडावर दशांशच म्हणतात, आणि तोही ओ देतो.

माझा दुसरा एक नेम आहे, तो ऑफिसात कोणाला माहीत नाही. मी खोटं बोलत नाही. आई शेवटच्या दुखण्यात असताना मी तिला रोज सांगायचे, बरी होशील. एकदा तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. रागाने नाही, माझी कीव आल्यासारखं. त्या दिवसापासून कानाला खडा लावला. बावीस वर्षं झाली. देवाच्या दयेने या इमारतीचं काम येईपर्यंत निभावलं होतं.

ती इमारत चार मजली होती, पन्नास वर्षांपूर्वीची. मधोमध जिना, जिन्याच्या कडेने खालपासून वरपर्यंत गेलेली एकच जाड भिंत. सगळा डोलारा तिच्या भरवशावर. दुसऱ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं शुश्रूषागृह आहे आणि तिथली मुख्य परिचारिका माझी धाकटी बहीण. इमारत भूकंपात तग धरेल का, हे आम्हाला सांगायचं होतं. साहेबांनी विचारलं, "बहीण आहे तुमची तिथे. काम दुसऱ्याला देऊ का?" मी म्हटलं, "उलट म्हणूनच मला द्या."

मोजमापं घ्यायला मी स्वतः गेले. बहीण हातात फिनेलची बाटली घेऊनच सामोरी आली.

"आली का भिंतींची डॉक्टर! चपला तिथेच. आत्ताच लादी पुसलीय."

"किती खाटा आहेत आता?"

"नऊ. आणि दिवसपाळीला आम्ही चौघी. लिहून घे, तुझ्या गणितात चौघींचं वजन धर. माझं जरा जास्त धर."

भिंतीला लागून चादरींची खोली होती. दोन्ही बाजूंना फडताळं, घडी केलेल्या चादरींचा, साबणाचा वास, एकच दार, खिडकी नाही. मागची बाजू म्हणजे ती जाड भिंत. मी हात ठेवला. गार होती, गुळगुळीत होती, कुठे केसभर भेग नाही.

"तूच सांगितलं होतंस ना," बहीण म्हणाली, "काही झालं तर जाड भिंतीजवळ जा म्हणून? दर तीन महिन्यांनी आम्ही सराव करतो. खाटा जिन्याकडे ढकलायच्या, ब्रेक लावायचे आणि आम्ही चौघी या खोलीत. पहिल्या वेळी एकीने येताना चहाचा कप आणला होता. म्हटलं, बाई, भूकंप आहे, पाहुणचार नाही."

मी हसले. सांगितलं होतं मी तसं, आठ वर्षांपूर्वी. पुस्तकात तसंच आहे.

नकाशावर काँक्रीटचं बळ वीस लिहिलेलं होतं; आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट पक्कं. खरं तर एवढ्या जुन्या भिंतीत यंत्राने भोक पाडून नळकांड्यासारखे नमुने काढतात आणि प्रयोगशाळेत दाबून फोडतात, म्हणजे खरं बळ कळतं. मालकांनी नकार दिला. पेशंट आत असताना तो आवाज, ती धूळ नको, म्हणाले. अशा वेळी नकाशावरचा आकडा धरायला नियमाची परवानगी आहे. मी वीस धरला आणि तसं टिपणात लिहून ठेवलं.

पहिला रन, म्हणजे गणिताची पहिली फेरी, दुपारी संपला. खिडकीखाली टायरवाल्याचं हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. भिंतीचा माथा सहा सेंटिमीटर झुकला, परत आला. पायाशी बारीक भेगा, सळया ताणल्या पण तुटल्या नाहीत. भिंत उभी राहिली. मला हायसं वाटलं. बहिणीला लगेच कळवावं असं मनात आलं, पण शेवटची वीस सेकंदं बघायची होती.

रेघ नेहमीसारखी विरत गेली. मोठे हेलकावे, मग लहान, मग जवळपास सपाट. आणि त्या सपाट रेघेवर, अकराव्या सेकंदाच्या पुढे, तीन बारीक टोकं होती. दोन जवळजवळ, जरा थांबून एक.

मी घाबरले नाही. भेगा मिटताना दोन कडा एकमेकींवर आपटतात, त्याचे असे झटके रेघेवर उमटतात. मी वेळेच्या पायऱ्या निम्म्या करून पुन्हा रन लावला. टोकं तिथेच. भेगा मिटण्याचं सूत्र बदललं. तिथेच. दुसरा भूकंप घेतला, दुसऱ्या देशातला, लांबट, मंद. भिंत वेगळी डोलली, भेगा वेगळ्या जागी पडल्या, आणि जमीन थांबल्यावर अकराव्या सेकंदाला दोन जवळजवळ, जरा थांबून एक.

"दशांश, जरा बघता?"

त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बराच वेळ पाहिलं.

"एका मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नाही हा. याचं काय घेऊन बसलीस? राईचा पर्वत करू नकोस."

"पण आला कुठून?"

"भिंतीला कान असतात म्हणतात. तोंड असतं असं कोणी म्हटलेलं नाही." तो पुन्हा आपल्या खुर्चीकडे वळला. "संगणकाची कचकच आहे. सोडून दे."

मी सोडून दिलं नाही. भिंतीच्या ज्या ज्या बिंदूंवर हालचाल नोंदवली होती, तिथे ही टोकं किती उशिराने पोचतात ते काढलं. ज्या बिंदूवर ती सगळ्यात आधी येतात, तिथूनच ती निघत असणार. साधी गोष्ट आहे, आवाज कुठून आला ते दोन कानांनी ओळखतो तशीच. जागा निघाली दुसरा मजला, फरशीपासून मीटरभर वर, भिंतीची जिन्याविरुद्धची बाजू. मी नकाशा उघडला. तिथे चादरींची खोली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौनाच्या तासात मी खिडकीशी बसले होते. मनात नाम चालू होतं. मध्येच लक्षात आलं की माझं बोट खिडकीच्या चौकटीवर वाजतंय. दोन, जरा थांबून एक. माझं मलाच आश्चर्य वाटलं, कारण हात सरावलेला होता. मग आठवलं. लहानपणी घरात एकच न्हाणीघर होतं आणि मी आत गेले की लवकर बाहेर येत नसे. धाकटी दाराबाहेर उभी राहून वैतागून वाजवायची. दोन टकटका, आणि मी आवाज देते का ते ऐकून आणखी एक. ताई, निघ आता.

त्या दिवशी तासाचं मौन दुपारपर्यंत लांबलं. बोलावंसंच वाटेना.

वीस सेकंदांच्या शून्यांऐवजी मी दहा मिनिटांची जोडली. साहेबांना विचारून संगणकाचं मोठं यंत्र मागून घेतलं. कशाला हवंय, असं त्यांनी विचारलं. "भिंत शेवटी पूर्ण थांबते का ते बघायचंय," मी म्हटलं. ते खरंच होतं. दहा मिनिटांत टकटक सतरा वेळा होती. मग मी सहा तासांची शून्यं जोडली. त्या रनला सहा दिवस लागले. त्या दिवसांत मी दुसरी कामं केली, वेळेवर घरी गेले, एकवेळचं जेवण घेतलं, रोजची प्रार्थना केली. फक्त प्रार्थनेत मागायचं काय, ते मला कळत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी रेघ तयार होती. मी ती सावकाश बघत गेले.

पहिल्या तासात टकटक दर अर्ध्या मिनिटाने होती. दुसऱ्या तासात दर दोन-तीन मिनिटांनी. मध्ये एकदा वीस मिनिटं काही नाही, मग अगदी जोरात, लागोपाठ. चौथ्या तासाला दोन आणि एक यांतलं अंतर वाढलं होतं. पाच तास चाळीस मिनिटांवर नुसतं एक होतं. त्याच्याआधीचे दोन नव्हते.

त्यानंतर रेघ सपाट.

मी पाण्याची बाटली उघडली, झाकण हातात धरून बसले. खाली टायरवाला कोणाशी तरी मोठमोठ्याने हसत होता.

मग मी जे केलं ते कुठल्याच पुस्तकात नाही. मॉडेलमध्ये त्याच जागी, जिन्याच्या बाजूने, मी तीन बारीक धक्के भरले. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करावी एवढेच. जमीन थांबल्यावर बाराव्या मिनिटाला. सरळ तीन, सारख्या अंतराने. आणि तेवढाच भाग पुन्हा चालवायला लावला.

दुपारी उत्तर आलं.

माझे तीन धक्के रेघेवर दिसत होते. त्यांच्यानंतर तीन सेकंद काही नव्हतं.

मग रेघ भरून गेली. दोन-एक, दोन-एक असं काही राहिलंच नव्हतं. नुसती टोकांवर टोकं, एकमेकांत मिसळलेली, श्वास न घेता.

मी जागा काढायला बसले. या वेळी ती एक नव्हती.

चार होत्या.

संध्याकाळी मी बहिणीला फोन केला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी पाणी मागत होतं.

"तुम्ही तिथून हला," मी म्हटलं.

"कुठून?"

"त्या इमारतीतून. नऊही जणांना घेऊन."

"ताई, माझ्याकडे एक माणूस कुशीवर वळवायचा तर दोन बायका लागतात. का हलू? तुझा रिपोर्ट काय म्हणतो?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"भिंत पडते?"

"नाही. उभी राहते."

"मग?"

मी काय सांगणार होते? तू आत अडकशील आणि सहा तास ठोकत राहशील, हे मी रेघेवर पाहिलं म्हणून? आणि मॉडेलमध्ये तर फक्त भिंत होती. दार नव्हतं, फडताळं नव्हती, माणूस तर नव्हताच.

"माझ्या मनाला बरं वाटत नाही गं," एवढंच म्हटलं.

"तुझ्या मनाला मी दहावीला गणित सोडलं तेव्हापासून बरं वाटत नाही." ती हसली, मग जरा मऊ झाली. "हे बघ. मालक मनाच्या गोष्टीवर एक खाट हलू देणार नाहीत. मला कागद दे, मी उद्या हलते. कागद नसेल तर मला औषधं वाटू दे."

रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता. तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी मी तासभर बसले आणि देवाला स्पष्ट विचारलं. उत्तर आलं असं म्हणणार नाही. एवढंच कळलं की खरं बोलायचा माझा नेम मी आईसाठी धरला होता, आणि आईने जाताना धाकटीचा हात माझ्या हातात दिला होता. दोन्ही तिचंच होतं. दोन्ही एकत्र सांभाळणं आता शक्य नव्हतं.

ऑफिसात कोणी यायच्या आत मी फाइल उघडली. काँक्रीटचं बळ, वीस. वीस काढून बारा लिहायचं असं ठरवून आले होते. जुन्या इमारतीत बारा निघतो, कोणी भुवई उचलणार नाही. मी टिपणातली वीसची ओळ काढली, आकडा लिहिला, रन लावला, उठून पाणी प्यायले. परत येऊन पाहिलं तर पडद्यावर त्या जागी ११.४ होतं.

बोटांनीच लिहिलं असणार. दुसरं कोण होतं तिथे? बदलावं म्हणून हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला. खोटं ते खोटं. त्यात बारा काय आणि अकरा पूर्णांक चार काय.

भिंत सत्ताविसाव्या सेकंदाला गेली. एका टोकाशी पायातलं काँक्रीट चुरडलं, सळया धनुष्यासारख्या बाहेर वाकल्या, वरचे तिन्ही मजले त्या बाजूला कलले आणि गणित थांबलं. भिंत पडली की आमचं गणित तिथेच थांबतं. शून्यं चालवायचा प्रश्नच आला नाही.

फाइल तपासायला दशांशकडे गेली. तो पेन्सिल घेऊन एकेक पान उलटत होता. मी माझ्या जागी बसून त्याची पाठ बघत होते. एका पानावर पेन्सिल थांबली.

"नकाशावर वीस आहे ना?"

"हो."

"आणि तू धरलास अकरा पूर्णांक चार."

मी बोलले नाही. तो मागे वळला. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याने विचारलं असतं, कुठून आणलास, तर मी काय म्हटलं असतं ते मला आजही माहीत नाही.

"बारा असता तर मी फाइल परत पाठवली असती," तो म्हणाला. "बारा म्हणजे अंदाज. अंदाजाने लोक दहा लिहितात, बारा लिहितात, पंधरा लिहितात. अकरा पूर्णांक चार कोणी मनाने लिहीत नाही. हे मोजलेलं आहे."

आणि त्याने सही केली. इतकी वर्षं सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस, एका टिंबावर विश्वास ठेवून गेला. मी मान खाली घातली. गप्प राहणंसुद्धा खोटं असतं हे मला कळत होतं. त्या दिवसापासून सकाळचं मौन मी एका तासाऐवजी दोन तासांचं केलं. शिक्षा म्हणून नाही. एवढं खोटं बोलून झाल्यावर बोलायची जरा भीतीच वाटायला लागली होती.

कागद मात्र चालला. शुश्रूषागृह सतरा दिवसांत हललं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बैठा हॉल मिळाला, पत्र्याच्या छपराचा, चारही बाजूंना दारं. हलवायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. बहीण एका हाताने सलाइनची बाटली उंच धरून दुसऱ्या हाताने हमालांना दटावत होती.

"सावकाश, ते कपाट नाही, ते आजोबा आहेत!"

शेवटी चादरींची खोली रिकामी झाली. ती दार ओढून घेत म्हणाली, "सुटले बाई. इथे आत आलं की मला कायम गुदमरायचं. तुला सांगितलं नव्हतं."

मी तिला जवळ घेतलं. ती म्हणाली, "अगं, फिनेल सांडेल."

रिकाम्या इमारतीत मग भोकं पाडायला कोणाची हरकत नव्हती. मालकांना खात्री करून घ्यायची होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या जाड भिंतीतून सहा नमुने काढले. मी मनाची तयारी केली. वीस निघेल, अठरा निघेल, मग मी साहेबांसमोर जाईन आणि सगळं सांगेन. नोकरी जाईल, दशांशची सही बदनाम होईल, ते मात्र मला सहन होत नव्हतं. पण चार दारांच्या बैठ्या हॉलमधून आता कोणी त्यांना परत आणणार नव्हतं. तेवढ्याने माझं भागलं होतं.

प्रयोगशाळेचा कागद दशांशनेच आणून माझ्या टेबलावर ठेवला.

"घे. मी दशांशाला उगाच मानत नाही."

सहा आकडे होते. कमीत कमी नऊ पूर्णांक आठ, जास्तीत जास्त तेरा. खाली सरासरी.

अकरा पूर्णांक चार.

"प्रयोगशाळेत कोणी ओळखीचं आहे का तुझ्या?" तो हसत म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता निघून गेला.

बहिणीला मी कळवलं. तिचा लगेच फोन आला. "म्हणजे पडलीच असती? खरंच?" मग म्हणाली, "तुझ्या मनाला यापुढे काही म्हणणार नाही. दुपारी झोपते मी आता, माहीत आहे? तिथे कधी डोळा लागला नव्हता."

कोणी म्हणेल, मग तुझा नेम मोडलाच नाही. मला तसं वाटत नाही. मी खोटंच लिहिलं होतं. ते खरं निघालं ही देवाची गोष्ट, माझी नाही. पण त्या रात्री मला झोप लागली आणि कित्येक दिवसांनी मनात काही अडकलेलं नव्हतं.

एकच राहिलं होतं. आता खरा आकडा हातात होता, आणि खऱ्या आकड्याच्या भिंतीला मी दम खाऊ दिलाच नव्हता.

पडलेली भिंत पुढे चालवता येते. तुटलेले तुकडे गळू द्यायचे, उरलेल्यांचं गणित चालू ठेवायचं. किचकट असतं, कोणी करत नाही. मी अकरा पूर्णांक चारची भिंत घेतली, तोच भूकंप, आणि शेपटीला सहा तासांची शून्यं. नऊ दिवस लागले.

रेघ सकाळी उघडली. ऑफिसात मी एकटीच होते.

सत्ताविसाव्या सेकंदाला भिंत बसली. चाळिसाव्या सेकंदाला जमीन थांबली. ढिगाऱ्याचे बारीक हेलकावे होते, तेही विरले.

अकराव्या सेकंदाला काही नव्हतं.

पहिलं मिनिट सपाट होतं. दहावंही.

वीसची भिंत कागदावरची होती, आणि तिच्याआडून चौघी सहा तास ठोकत होत्या. खरी भिंत ही होती, आणि चौघी तिथेच असत्या तर तिच्याखाली ठोकायलाही कोणी उरलं नसतं.

मी रेघ पुढे सरकवत राहिले. पहिला तास. दुसरा. खाली टायरवाल्याने दुकान उघडलं, यंत्र सुरू झालं. एकेक करून लोक आले, दिवे लावले, कोणीतरी मला हाक मारली. मी पाच तास चाळीस मिनिटांपर्यंत आले, तिथून पुढे गेले, शेवटच्या शून्यापर्यंत गेले, आणि परत सुरुवातीपासून, एकेक सेकंद, अगदी मोठा करून बघायला लागले.

कोणीतरी एकदा तरी ठोकावं, एवढंच मागत होते.